उजवा डोळा, साडेएकवीस

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिली चर्चा डॉक्टरांची होत नाही, भिंगाची होते. 'कुठली लेन्स टाकताय?' शेजारी विचारतात, व्याही विचारतात, सकाळी टेकडीवर भेटणारे मित्र विचारतात. 'मी जर्मन टाकली', 'आमच्या हिला अमेरिकन', 'मेव्हण्यानं मल्टिफोकल घेतली, आता बिनचष्म्याचा पेपर वाचतो.' गुडघ्याचा सांधा बदलून आलेला माणूस सांध्याची कंपनी सहसा सांगत नाही. डोळ्यातल्या भिंगाची मात्र सांगतो, आणि सांगताना थोडा ताठ बसतो.

या लेखासाठी पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात काउन्सेलरच्या टेबलाशी काही सकाळी मी बसले. डॉक्टरांच्या खोलीत मोतीबिंदू आहे, काढायला हवा, इतकं बोलणं होतं आणि पेशंट या टेबलाशी येतो. टेबलापलीकडे पंचविशीतली एक हुशार, गोड बोलणारी मुलगी. तिच्या हातात लॅमिनेट केलेलं एक कार्ड. डावीकडे साधी लेन्स, मग चढत चढत उजवीकडे 'प्रीमियम'. किंमत पंचवीस हजारांच्या आसपास सुरू होऊन उजव्या टोकाला लाखाच्या पुढे जाते. प्रत्येक लेन्सखाली एक चित्र आहे. डावीकडच्या चित्रात लांबची मोटार स्वच्छ दिसते आणि हातातलं वर्तमानपत्र धुरकट. उजवीकडच्या चित्रात मोटार, लॅपटॉप, वर्तमानपत्र सगळंच लख्ख.

एक कुटुंब आलं. आजोबा, मुलगा, सून. आजोबा गप्प. मुलानं कार्ड हातातही घेतलं नाही. म्हणाला, 'बाबांना सगळ्यात चांगली टाका.' आजोबा म्हणाले, 'अरे, कशाला एवढी?' मुलगा म्हणाला, 'तुम्ही थांबा हो बाबा.' पाच मिनिटांत उजवीकडची लेन्स ठरली. त्या पाच मिनिटांत आजोबा दिवसभर काय करतात, रात्री गाडी चालवतात का, त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची स्थिती काय आहे, हे कुणी विचारलं नाही. त्या कार्डावर मुलाच्या मायेची परीक्षाच मांडलेली असते. डावीकडची लेन्स घेणारा मुलगा आपोआप चिक्कू ठरतो.

मला जे सांगायचं आहे ते याच कार्डाबद्दल. उजवीकडची लेन्स ही डावीकडच्या लेन्सची सुधारलेली आवृत्ती नाही. ती वेगळी वस्तू आहे. ती काही देते आणि त्या बदल्यात काही घेते. आणि डावी-उजवीच्याही आधी एक गोष्ट आहे, जिची त्या कार्डावर ओळसुद्धा नव्हती. ती म्हणजे मोजणी.

मोजणी चुकली तर काय होतं, हे या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच पेशंटनं भोगलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी ४५ वर्षांच्या एका परिचारिकेचा मोतीबिंदू काढला आणि तिच्या डोळ्यात जगातलं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. कल्पना युद्धातून आली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या कॉकपिटचं छत पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं असे. गोळी लागली की त्याच्या चिरफळ्या डोळ्यात घुसत. 'माऊस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्लीव्हर या वैमानिकाच्या डोळ्यांत ऑगस्ट १९४० मध्ये अशा चिरफळ्या गेल्या. रिडलींच्या लक्षात आलं की हे प्लॅस्टिक डोळ्यात वर्षानुवर्षं राहिलं तरी डोळा चिडत नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? रिडलींच्या डोक्यात जे घोळत होतं त्याला त्या प्रश्नानं धक्का दिला. रेनर नावाच्या चष्म्याच्या काचा करणाऱ्या कंपनीनं भिंग घडवलं.

भिंग बसलं, डोळ्यानं ते स्वीकारलं, फक्त नंबर साफ चुकला. रिडलींनी नैसर्गिक भिंगाचा आकार डोळ्यासमोर ठेवला होता, पण पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वाकवतं. त्या बाईंना नंतर उणे अठराचा नंबर लागला आणि वर सहाचा तिरका. म्हणजे मोतीबिंदू गेला, पण जाड चष्मा नाकावर कायम राहिला. रिडलींना पुढे समव्यावसायिकांची टीकाही भरपूर सोसावी लागली. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, हे त्या काळच्या नेत्रतज्ज्ञांचं पक्कं मत होतं. उतारवयात रिडलींच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगं बसली, तीही त्याच सेंट थॉमसमध्ये, आणि 'सर' हा किताब मिळाला तो २००० साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी.

भिंग नव्हतं तेव्हा काय होतं, हे आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. ऑपरेशन झालेल्या आजीला बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा लागे. त्यातून सगळं पाव पटीनं मोठं दिसायचं, बाजूचं काही दिसायचंच नाही, आणि दारातून येणारा माणूस एकदम समोर उगवायचा. जिना उतरताना पायरी कुठे आहे ते कळायचं नाही. चष्मा हरवला किंवा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांची दोन वेगवेगळ्या मापांची चित्रं जुळायचीच नाहीत.

आता मोजणीच्या खोलीत चला. अंधारी, वातानुकूलित, जेमतेम खाटेएवढी जागा. यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. 'लाल दिव्याकडे बघा आजी. पापणी मिटू नका. आता मिटा. आता बघा.' प्रकाशाच्या किरणानं डोळ्याची लांबी मोजली जाते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजली जाते. प्रौढ माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरनं चुकली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो. तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी चूक, आणि माणसाला समोरच्या बसची पाटी वाचता येत नाही.

माझ्यासमोर एका आजींचा कागद छापून आला. डोळ्याची लांबी २३.१८. वक्रता सरासरी ४३.७५. खाली रकाना: २१.० क्रमांकाचं भिंग घातलं तर ऑपरेशननंतर अधिक पाव ते साडेतीन दशांशच्या घरात नंबर उरेल, २१.५ घातलं तर जवळजवळ शून्य, २२.० घातलं तर उणे चार दशांश. यंत्र चालवणाऱ्या मुलीनं एकदा मोजून कागद फाडला नाही. पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहिलं. दोन डोळ्यांच्या लांबीत फार फरक दिसला तर यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिला या कामाचा पगार काउन्सेलरइतकाच मिळत असावा. माझ्या मते त्या इमारतीत सर्वांत महत्त्वाचं काम तिचं होतं.

हे गणित आकाशातून पडलेलं नाही. लांबी आणि वक्रतेवरून भिंगाची शक्ती काढण्याची सूत्रं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून घडत आली. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांच्या आद्याक्षरांचं 'एसआरके' सूत्र जगभर पसरलं. आज बॅरेट यांचं सूत्र बहुतेक ठिकाणी वापरतात. चांगल्या यंत्रावर, चांगल्या हातानं मोजलेल्या दहा डोळ्यांपैकी सात-आठ डोळे ठरवलेल्या नंबरापासून अर्ध्या नंबराच्या आत येतात. म्हणजे दोन-तीन येत नाहीत, हेही ऐकून ठेवावं.

मोजणी बिघडवणाऱ्या गोष्टी साध्या असतात. डोळे कोरडे असले तर वक्रता दर वेळी वेगळी येते. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यानं ती काही दिवस आधी काढून ठेवली नाही, तर बुबुळाचा आकार खोटा मिळतो. तरुणपणी लेसिक करून घेतलेल्यांची पिढी आता मोतीबिंदूच्या वयाला आली आहे. त्यांच्या डोळ्यांना नेहमीचं सूत्र चालत नाही, चालवलं तर लांबचं आणि जवळचं दोन्ही धूसर राहतं. त्यांनी लेसिकचे जुने कागद शोधून न्यावेत. आणि मोतीबिंदू 'पिकू द्यायचा' ही जुनी सवय इथेही आड येते. पूर्ण पिकलेल्या, पांढऱ्या मोतीबिंदूतून प्रकाशाचं यंत्र आरपार पाहू शकत नाही. मग ध्वनिलहरींचं यंत्र डोळ्याला टेकवून मोजावं लागतं, आणि टेकवताना जरा दाब पडला की डोळ्याची लांबी कमी भरते.

मोजणी बरोबर झाली, असं धरू. आता कुठली लेन्स?

साधी लेन्स, म्हणजे मोनोफोकल, एका अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक वेळा ते अंतर 'लांबचं' ठरवलेलं असतं. रस्ता, दूरदर्शन, माणसांचे चेहरे बिनचष्म्याचे. पेपर, मोबाइल, सुई-दोरा यांना चष्मा. पण लांबचंच का? हा प्रश्न आपल्याकडे फार कमी पेशंट विचारतात आणि त्याहून कमी डॉक्टर आपण होऊन काढतात.

एका निवृत्त मुद्रितशोधकांशी बोलले. शाळेपासून उणे पाचचा चष्मा. ज्याला असा नंबर असतो त्याला ठाऊक असतं, की चष्मा काढून ठेवला की जवळचं बारीक अक्षर कोरीव दिसतं. यांनी चाळीस वर्षं प्रुफं तशीच वाचली, चष्मा कपाळावर आणि कागद नाकाशी. ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'आता लांबचा चष्मा जाईल.' यांनी विचारलं, 'आणि जवळचं?' 'त्याला चष्मा लागेल.' हे खुर्चीतून उठलेच. म्हणाले, 'मला लांबचं काय करायचंय? बस यायची तेव्हा येते.' डॉक्टर चांगले निघाले. त्यांनी दोन्ही डोळ्यांचा नंबर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास ठेवला. आज हे गृहस्थ रस्त्यावर चष्मा लावतात आणि घरी बिनचष्म्याचं वाचतात. लेन्स साधीच, कार्डावर डावीकडची. मी या लेखासाठी ज्यांना ज्यांना भेटले, त्यांत सर्वांत खूश माणूस हाच.

दोन डोळे दोन कामांना वाटून देण्याचीही पद्धत आहे. एक डोळा लांबचा, दुसरा जवळचा. मेंदू ज्याचं त्याचं काम त्याला देतो. सगळ्यांना जमत नाही. कुणाला डोकं जड होतं, कुणाला पायरीचा अंदाज येत नाही. ज्यांनी चाळिशीनंतर कॉन्टॅक्ट लेन्सवर असं करून पाहिलं आहे, त्यांनी डॉक्टरांना जरूर सांगावं.

मल्टिफोकल लेन्सवर बारीक वर्तुळाकार कडी कोरलेली असतात. डोळ्यात आलेला प्रकाश ती लांब, मधल्या आणि जवळच्या अंतरांत वाटून देतात. वाटून देतात हे महत्त्वाचं. प्रकाश तेवढाच असतो. त्यामुळे प्रत्येक अंतराच्या वाट्याला कमी येतो आणि अंधूक उजेडात फरक ओळखणं कठीण जातं. रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. मोनोफोकल आणि मल्टिफोकल यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष दोन्ही बाजूंचा होता: जवळचं जास्त चांगलं दिसतं, चष्म्याची गरज कमी होते, आणि कडी-चकाकीच्या तक्रारी जास्त येतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत त्या कड्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. थोड्यांचा शिकत नाही. अगदी थोड्यांना लेन्स काढून दुसरी बसवावी लागते, आणि ते ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नसतं.

पुणे-सातारा रस्त्यावर स्वतःची टुरिस्ट गाडी चालवणारे एक साठीचे गृहस्थ भेटले. मुलांनी हौसेनं उजव्या टोकाची लेन्स घेऊन दिली. दिवसा खूश आहेत. मीटर, मोबाइल, पावती सगळं चष्म्याविना. रात्री खंबाटकी घाटात समोरून ट्रक आला की दिव्याभोवती गोल-गोल चढतात. 'आता सवय झाली,' म्हणाले, आणि लगेच, 'पण रात्रीची भाडी घेत नाही.' धंदा रात्रीचा असलेल्या माणसाला हे आधी सांगायला नको होतं का?

काचबिंदू असलेल्या, पडद्याचा मधला भाग झिजलेल्या किंवा मधुमेहानं पडदा बिघडलेल्या डोळ्यांना मल्टिफोकल सहसा देऊ नये, असं नेत्रवैद्यकाचं साधारण मत आहे. अशा डोळ्यात आधीच फरक ओळखण्याची ताकद कमी झालेली असते. तिचं आणखी वाटप परवडत नाही. आपल्याकडे साखरेचा पेशंट नसलेलं घर शोधावं लागतं, तेव्हा काउन्सेलरनं कार्ड काढण्याआधी पडद्याची तपासणी पूर्ण झालेली हवी. मी बसले होते तिथे ती झालेली असे. मला भेटलेल्या सगळ्यांचा अनुभव तसा नव्हता.

मधल्या वाटेच्या लेन्स अलीकडे आल्या आहेत. त्यांना डॉक्टर 'ईडॉफ' म्हणतात. लांबचं आणि हातभर अंतरावरचं स्वच्छ, अगदी बारीक अक्षराला चष्मा. कड्यांचा त्रास मल्टिफोकलपेक्षा कमी. हातभर अंतर म्हणजे काय काय ते मोजून पाहा: ओटा, कॉम्प्युटर, हार्मोनियमवरचं नोटेशन, कीर्तनकारासमोरची पोथी, दुकानदाराचा काउंटर. ज्यांचं आयुष्य या अंतरावर जातं त्यांनी या लेन्सचा विचार करावा.

जादा पैसे देण्यासारखी सर्वांत प्रामाणिक लेन्स मला विचाराल तर टोरिक. ज्यांना तिरका नंबर जास्त आहे, त्यांचा तो नंबर ती डोळ्याच्या आतच काढून टाकते. तिच्यात चमत्कार नाही, प्रकाशाचं वाटप नाही, फक्त ती ठरलेल्या अंशावरच बसायला हवी. एक अंश फिरली की तीन टक्क्यांहून थोडा जास्त फायदा जातो, तीस अंश फिरली की सगळाच. त्यासाठी पेशंट बसलेला असताना बुबुळावर शाईच्या खुणा करतात. ज्यांना तिरका नंबर नाहीच, त्यांना टोरिकची शिफारस झाली तर कारण विचारा.

बाकी कार्डावरच्या काही ओळी भराभर सांगते. पिवळसर लेन्स निळा प्रकाश अडवते हे खरं, पण त्यामुळे पडदा वाचतो याला कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात खात्रीचा आधार सापडला नाही. 'ब्लेडलेस लेझर' ऑपरेशन ऐकायला भारी वाटतं. फ्रान्समधल्या, २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणाऱ्या नेहमीच्या 'फेको'पेक्षा त्याचा फायदा दिसला नाही. 'हायड्रोफोबिक' लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे. या प्रकारची, चौकोनी कडेची लेन्स डोळ्यातल्या ज्या पारदर्शक पिशवीत बसवतात, ती उशिरा आणि कमी धुरकट होते. ती धुरकट झाली की लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागची ती पिशवी गढूळ झालेली असते आणि याग लेझरनं काही मिनिटांत तिला खिडकी पाडता येते.

आता 'इंडियन की इम्पोर्टेड'. १९९० च्या सुमारास परदेशी भिंग शंभर डॉलरच्या घरात पडे, म्हणून सरकारी शिबिरांत बहुतेकांना भिंगाशिवाय, जाड चष्मा देऊन घरी पाठवत. मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं, डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेल्या संस्थेनं, १९९२ मध्ये ऑरोलॅब काढली आणि भिंग दहा डॉलरच्या आसपास आणलं. पुढे ते आणखी स्वस्त झालं आणि शंभराहून अधिक देशांत जाऊ लागलं. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम निघाली, त्यात महाराष्ट्र होता. त्या वेळी देशातल्या शंभर ऑपरेशनांत पाचांनाही भिंग मिळत नव्हतं. दोन दशकांच्या आत हा आकडा नव्वदच्या पुढे गेला. मदुराईचं भिंग नसतं तर हे झालं नसतं. तेव्हा 'इंडियन आहे' हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

गावाकडच्या शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत फेकोचं महाग यंत्र सगळीकडे नसतं. तिथे हातानं, छोट्या भोकातून, बिनटाक्याचं ऑपरेशन करतात आणि अनेकदा न दुमडणारं साधं भिंग बसवतात. ते दुय्यम समजायचं का? याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. हडपसरजवळच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर फेको आणि हातानं केलेलं ऑपरेशन यांची तुलना केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. चष्मा लावून दोन्ही गटांची नजर जवळजवळ सारखी निघाली. बिनचष्म्याच्या नजरेत फेको थोडं पुढे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक ऑपरेशनं केली, २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे रांगेत बसलेल्या माणसांनी भिंगाची कंपनी विचारली नव्हती.

शहरात मात्र पैशाचा हिशेब चुकत नाही. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. डोळ्यातल्या भिंगाला तशी मर्यादा लागली नाही, त्यामुळे त्याच लेन्सचं पॅकेज दोन चौकांत दोन भावांना मिळतं. मेडिक्लेमचंही बघून घ्या. 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांत जे कमी असेल ते देते, आणि तेही पॉलिसीला २४ महिने झाल्यावर. तीन लाखांच्या पॉलिसीत हा आकडा ४०,०००, एक लाखाच्या पॉलिसीत २५,०००. मल्टिफोकलचा वरचा खर्च बऱ्याच विमा कंपन्या देत नाहीत. तो चष्मा टाळण्याचा खर्च आहे, असं त्यांचं म्हणणं. 'कॅशलेस आहे' या शब्दावर विसंबून दाखल झालेली माणसं डिस्चार्जच्या वेळी एटीएमकडे धावताना मी पाहिली आहेत.

ऑपरेशन थिएटरमध्ये मला एका कोपऱ्यात, हिरव्या अंगरख्यात उभं राहू दिलं. मोजणीच्या खोलीतल्या त्याच आजी. नर्सनं सीलबंद खोकं उचललं आणि मोठ्यानं वाचलं, 'उजवा डोळा, साडेएकवीस.' दुसऱ्या नर्सनं भिंतीवरच्या कागदाशी ताडून तेच पुन्हा म्हटलं. डॉक्टरांनी आजींना विचारलं, 'आजी, कुठला डोळा?' आजी म्हणाल्या, 'उजवा.' मग डॉक्टर स्वतः म्हणाले, 'उजवा, साडेएकवीस,' आणि तेव्हाच सील फाडलं गेलं. दिवसाला वीस-वीस डोळे होतात, खोकी सारखी दिसतात, आणि चुकीचं भिंग चुकीच्या डोळ्यात जाण्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. म्हणून ही उजळणी.

पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं दृश्य दिसत होतं. अडीच मिलिमीटरच्या चिरेतून फेकोची सुई आत गेली. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरला दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर ही ध्वनिलहरींची युक्ती सुचली, १९६७ मध्ये त्यानं ती पहिल्यांदा वापरली. पिवळट-करडा मोतीबिंदू चार तुकड्यांत फुटला आणि नळीनं शोषला गेला. मागे उरली पारदर्शक रिकामी पिशवी. मग नळकांड्याचं टोक चिरेत गेलं आणि आत दुमडलेलं भिंग हळूहळू बाहेर सरकलं. आधी एक बारीक पाय सुटला, मग मधली सहा मिलिमीटरची चकती उलगडली, मग दुसरा पाय. डॉक्टरांनी आकड्यानं ते जरा फिरवून मध्यावर बसवलं. आजी खालून म्हणाल्या, 'रंग दिसतायत.' टाका नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. खोक्यातल्या स्टिकरचा एक तुकडा आजींच्या फाइलवर लागला, दुसरा त्यांना घरी न्यायच्या भिंगाच्या कार्डावर.

ऑपरेशनला जाणाऱ्यांनी, आणि त्यांच्या मुलांनी, काही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. दिवसाचे तास कशात जातात ते डॉक्टरांना सांगा: शिवण, सोनारकाम, वाचन, रात्रीची गाडी. कुठल्या अंतराला चष्मा लावायला तुमची हरकत नाही, ते ठरवून जा. 'चष्माच नको' असं म्हणालात तर त्याची किंमत रात्रीच्या दिव्यांत मोजावी लागेल, हे समजून म्हणा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल तर सांगाच. त्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली सैल पडते, आणि गोळी थांबवली तरी तो परिणाम राहू शकतो, म्हणून सर्जनला तयारीत राहावं लागतं. मोजणी दोनदा झाली का, कुठल्या यंत्रावर झाली, आणि किती नंबर उरवायचं ठरलं आहे, हे तीन प्रश्न काउन्सेलरला नव्हे, डॉक्टरांना विचारा. जो डॉक्टर चिडेल त्याच्याकडे ऑपरेशन करू नका.

बाबांसाठी मुदत ठेव मोडून किंवा हप्ते बांधून उजव्या टोकाची लेन्स घेऊ नका. बरोबर मोजून बसवलेली साधी लेन्स आणि दोनशे रुपयांचा वाचायचा चष्मा यांनी बहुतेकांचं सगळं नीट चालतं. भिंगाचं कार्ड मात्र आधारकार्डाशेजारी जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.